चाललीय

क्लाइपेडाच्या बंदरात क्रेन चालवणारी रिमान्ते
शिफ्ट संपवून थेट दुकानात आली, बुटांवर मिठाच्या रेघा.
खिशातून काढलेला प्लेयर सिगारेटच्या पाकिटाएवढा.
पाठ कधीकाळी आरसा होती,
आता नुसते ओरखडे.
म्हणाली, जरा मोठ्यानेच: हा मधेच अडतो.

कानाला लावला.
टक्. टक्. मग जरा थांबून, टक्.
घरात कुणी नाही हे माहीत असूनही
कुणीतरी कडी वाजवत राहावं तसं.

मी म्हटलं, डिस्क चाललीय.
चाललीय ना, मग बिघडलंय काय?
तसं नाही. चाललीय म्हणजे, जायला निघालीय.

आधी सोपं ते केलं.
दोन बटणं एकदम दाबून धरली:
पडद्यावर तोंड पाडलेला एक इवलासा चेहरा.
पातळ पट्टीने पाठ उघडली,
रिबन सोडवली, पुसली, पुन्हा बसवली,
निळं रबर उलटं करून पाहिलं.
टक्.
मग तळहातावर एकदा आपटला.
हे कुठे लिहिलेलं नसतं, करतात मात्र सगळे.
अर्धं गाणं वाजलं.
टक्.

रात्री डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळून
फ्रीझरमध्ये ठेवली, दाइवाने रचलेल्या
बटाट्याच्या उंड्यांशेजारी.
दाइवा म्हणाली, आता दोन फ्रीज घेऊ,
एक जेवणाचा, एक तुझ्या मढ्यांचा.
जाणकार या युक्तीला नावं ठेवतात.
मीही ठेवतो,
आणि शेवटी तीच करतो.

पहाटे चारला काढली,
अंगावर दव धरायच्या आत केबल जोडली.
फिरली!
पाणी शिरलेल्या घरातून भांडी काढावीत
तशी गाणी काढत बसलो,
हाताला लागेल ते आधी, निवडानिवड नाही.
पावणेदोन तास.
मग आतून एक बारीक किंचाळी,
आणि थाळी थांबली ती थांबलीच.
एकशे चौदा आत राहिली.
कुठली, ते मी बघितलं नाही.
कुणाचं काय बुडालं
ते त्याच्या आधी आपण वाचू नये.

रिकाम्या जागी मेमरी कार्ड बसवलं.
न फिरणारं, पडलं तरी न दचकणारं.
बॅटरीही आता दुप्पट पुरेल.
स्वतःवरच खूश होऊन मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

आठवड्याने रिमान्ते दारात.
वाजतो, म्हणाली. पण मुका झालाय.
मी आवाज वाढवून दाखवला.
तिने मान हलवली, आणि कोटाची गुंडी काढून
छातीचा खिसा दाखवला.

सत्तावीस वर्षं
लोखंडावर लोखंड आदळताना ऐकून
डावा कान गेलेला, उजवा त्याच वाटेवर.
वर काचेच्या खोलीत, वाऱ्यात क्रेन डुलत असताना
प्लेयर या खिशात असायचा.
पुढली गाणी उचलायला डिस्क जागी व्हायची,
मांजर घुरघुरावं एवढीच थरथर,
आणि बरगडीला आधी कळायचं.
मग मी कान द्यायचे, म्हणाली.
आता गाणं येऊन जातं, मी आपली खालच्या ट्रककडे बघत असते.

गेलेल्या एकशे चौदांबद्दल
तिने अजूनही विचारलेलं नाही.

माझ्या खणात जुन्या डिस्क आहेत, इतरांच्या प्लेयरमधून काढलेल्या.
एक उचलली. खरं सांगितलं:
ही वापरलेली आहे. वर्ष काढेल असं नाही.
किती मग?
आठ महिने. दहा, नशीब असेल तर.
डॉक्टरही कानाचं एवढंच सांगतो, ती म्हणाली,
आणि विचारायच्या आधीच
नाणी मोजून काउंटरवर मांडली, वीस सेंट जास्त.

ती गेल्यावर डिस्क बसवली, गाणी भरली.
तपासायला सवयीने कानाकडे नेत होतो,
मधेच हात वळवून शर्टाच्या खिशात ठेवला
आणि उभा राहिलो.